ओळखीची खूण

जळगावच्या कलेक्टर कचेरीबाहेर, कडुनिंबाखाली
माझं टेबल. एक पाय आखूड, त्याखाली वीट.
एकोणीस वर्षं मी इथे दुसऱ्यांचे अर्ज भरतो:
उत्पन्नाचे, वारसाचे,
नावातली वेलांटी चुकली त्याचे.

हरकोरबाई मखीजा आल्या तेव्हा पारा शेहेचाळीसवर,
कार्बन पेपर बोटांना चिकटत होता.
पिशवीत मुदत संपलेला हिरवा पासपोर्ट,
मुक्कामाच्या परवान्याच्या अकरा झेरॉक्स,
आणि माझ्यासाठी, वर्तमानपत्रात बांधून,
मिरी जास्त पडलेले चार पापड.

जन्मठिकाण?
"डहरकीजवळ. पण पासपोर्टात गावाचं नाव चुकलंय."
म्हटलं, चुकलंय तसंच लिहावं लागेल,
कागद फक्त कागदाला ओळखतो.
"म्हणजे मी चुकीच्या गावात जन्मले,"
म्हणाल्या, आणि पदरानं चष्मा पुसला.

येण्याचं कारण?
रकाना दोन बोटांचा.
"तीर्थयात्रा लिहा. व्हिसावर तेच आहे."
हरिद्वारला निघालेली बाई, मांडीवर तापानं फणफणलेली पोर,
पारोळ्यात भाड्याच्या एका खोलीत कशी उतरली
हे मी विचारलं नाही. रकाना भरला होता.

भाषा?
इथे त्या सावरून बसल्या.
"सिंधी. मराठी.
आणि भाऊ, अहिरानी बी लिखी ले."
सात वर्षं पारोळ्याच्या बाजारात
उडदाच्या भावावरून भांडून कमावलेली,
ह आणि श बरोबर जागच्या जागी.
मी यादी काढून दाखवली. सिंधी आहे,
राज्यघटनेच्या परिशिष्टात, छापील.
अहिराणी नाही.
"पण ती तर तुमची, आईची."
हो.
"मग तुम्ही कुठे लिहिता?"
मी कार्बन बदलला. जुना अजून चालला असता.

ओळखीची खूण?
पासपोर्टावर: काही नाही.
त्यांनी बांगड्या वर सारल्या.
डाव्या मनगटावर चिंचोक्याएवढा डाग,
पापडखाराचं उकळतं पाणी सांडलेलं,
सिंधी कॉलनीत, धाकटीच्या बारशाच्या आदल्या दिवशी.
"ही इथलीच आहे, ही लिहा."

मग फाईल फिरली.
हवालदार तीनदा येऊन शेजारणीला विचारून गेला
बाई कशी आहे. शेजारीण म्हणाली, उधारी ठेवत नाही.
चारित्र्याच्या दोन प्रतिज्ञापत्रांपैकी एक माझं:
मी हिला ओळखतो. शंभराच्या स्टॅम्पवर.
माझ्या चारित्र्याबद्दल
आजवर कुणी काही विचारलेलं नाही.

सहा वर्षं. मेहरूणची बोरं सहा वेळा येऊन गेली.
दर वेळी त्या टेबलाशी थांबायच्या:
"काय म्हनस दिल्ली?"
मी हात हलवायचो.

शपथ झाली तेव्हा मी दाराशी उभा होतो.
राज्यघटनेशी खरी श्रद्धा, कायद्यांचं पालन,
नागरिकाची कर्तव्यं.
प्रत्येक शब्दापुढे त्या किंचित थांबत होत्या,
पाट्यावर हात ठेवून अंदाज घेतात तशा.
माझे ओठ हलत होते. हे मला शिपायानं सांगितलं.
पन्नाशी उलटली माझी, आणि मी हे
कुणासमोर, कधीच, म्हटलेलं नव्हतं.
जन्मलो, तेवढ्यावर भागलं.

बाहेर आल्या. कागद घडी न घालता छातीशी.
शिरपूरला बहीण आहे त्यांची, तापीपलीकडे;
जिल्हा ओलांडायचा तर आजवर अर्ज मीच लिहायचो,
कारणासकट, परतीच्या तारखेसकट.
"आते कोले इचारानं?"
कोलेच नही, म्हटलं.

रिक्षा केली, बसस्टँडला गेल्या.
शिरपूरची गाडी लागली होती, कंडक्टर ओरडत होता,
खिडकीची जागा रिकामी.
हे त्यांनीच दुसऱ्या दिवशी सांगितलं:
गाडी सुटेपर्यंत बघत उभ्या राहिल्या,
मग घरी परतल्या,
गच्चीवर पापड वाळत होते, आणि वारा सुटला होता.